बर्फाच्या डोंगरावरील उपदेशक : जॉन लुईस डायर

आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत सेवा करणाऱ्या उपदेशकांस वाट चालणे नवे नाही. एका गावची उपासना आटोपून दुसऱ्या गावी निघावे, मध्ये ओढा भरून वाहत असावा, वरून पाऊस कोसळत असावा, आणि मुक्कामी पोहोचून पाहावे तो ऐकावयास चारच माणसे बसलेली असावीत. असा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा उपदेशक विरळा. अशा वेळी मनात विचार येतो की, ही वाट आपण चाललो काय आणि न चाललो काय, कोणाला कळणार आहे? ज्या पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे त्याच्यापुढे हाच प्रश्न एका हिवाळ्यात दर आठवड्यास उभा राहत असे. आणि तोही मध्यरात्री, बर्फाने झाकलेल्या डोंगरावर, जेथे दोन्ही बाजूंस कोसापर्यंत दुसरे माणूस नव्हते अशा ठिकाणी.

जॉन लुईस डायर यांचा जन्म 16 मार्च 1812 रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ओहायो येथील फ्रँकलिन जिल्ह्यात झाला. घरची स्थिती साधारण शेतकऱ्याची होती व शाळेचे शिक्षण त्यांस फारसे मिळाले नाही. तरुणपणी ते कुटुंबाबरोबर पश्चिमेकडे इलिनॉय येथे गेले. तेथेच त्यांचा विवाह झाला. पुढे विस्कॉन्सिन येथे शिशाच्या खाणींत ते मजुरी करू लागले. 1847 साली त्यांची पत्नी मरण पावली व लहान मुलांचा भार एकट्या बापावर पडला. आपण देवाच्या वचनाचा उपदेश करावा अशी प्रेरणा त्यांच्या मनास होत होती, पण आपण अशिक्षित आहो, आपल्या अंगी काय योग्यता, असे म्हणून ते ती मागे सारीत. शेवटी चाळिशीच्या सुमारास त्यांनी खाणीचे काम सोडले आणि मेथडिस्ट मंडळीचे फिरते उपदेशक म्हणून विस्कॉन्सिन व मिनेसोटा या भागांत सेवा आरंभिली.

मेथडिस्ट मंडळीत त्या काळी असा परिपाठ असे की, एका उपदेशकाकडे एकच गाव न देता मोठा टापू नेमून द्यावा. त्याने त्या टापूतील वस्त्यांवर क्रमाने फिरत राहावे, आणि लोक जे स्वखुशीने देतील त्यावर बहुतेक निर्वाह करावा. डायर यांना हे काम मानवले. परंतु पन्नाशी जवळ आली असता त्यांची दृष्टी मंद होऊ लागली. आपण आंधळे होऊ की काय अशी भीती त्यांस वाटू लागली, आणि तसे होण्यापूर्वी ज्या पाईक्स शिखराचे नाव सर्वत्र गाजत होते ते एकवार डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा त्यांनी धरली. 1859 पासून त्या शिखराच्या मुलखात सोने सापडल्याची वार्ता पसरून हजारो लोक तिकडे धावत होते. तोच मुलूख पुढे कोलोरॅडो या नावाने प्रसिद्ध झाला.

1861 साली डायर निघाले. ओमाहा गावापर्यंत त्यांच्यापाशी घोडा होता. तेथे तो घोडा निकामी झाला. दुसरा घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा मालाच्या गाड्यांचा एक तांडा पश्चिमेस जात होता, त्याच्या सोबतीने हा 49 वर्षांचा मनुष्य सुमारे 600 मैलांचे मैदान पायी तुडवून त्या वर्षाच्या उन्हाळ्यात डेन्व्हर येथे पोहोचला. शिखर डोळ्यांनी दिसले, आणि देवाच्या कृपेने दृष्टीही गेली नाही. मग परत जावयाचे ते त्यांनी मनातून काढून टाकले व पुढे सुमारे शंभर मैल आत, साऊथ पार्क नावाच्या उंच पठारावरील बकस्किन जो नावाच्या खाणवस्तीवर जाऊन ते उपदेश करू लागले.

या वस्त्या कशा होत्या ते वाचकांनी मनासमोर आणावे. लाकडाच्या ओंडक्यांची खोपटी, ओढ्याच्या वाळूत सोने धुणारे पुरुष, दारूची व जुगाराची दुकाने. घरसंसार करणारी माणसे थोडी, आणि उद्या दुसऱ्या खोऱ्यात सोने लागल्याची बातमी आली की सारी वस्ती उठून तिकडे जावयाची. तेथे उपासनामंदिर कोठून असणार? कधी एखाद्याच्या खोपटात, कधी रस्त्यावर, कधी झाडाखाली उभे राहून डायर बोलत. आरंभीच्या काही महिन्यांत त्यांनी सुमारे 500 मैल पायी प्रवास केला, आठवड्यास तीन वेळा याप्रमाणे उपदेश केला, आणि वर्गणीचे म्हणून त्यांच्या हाती एकंदर 43 डॉलर पडले. त्यांचा स्वतःचा खर्च याहून अधिक झाला होता. लोक त्यांस फादर डायर, म्हणजे डायरबाबा, असे प्रेमाने म्हणू लागले. हे नाव कोणी पदवी म्हणून दिलेले नव्हते. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या व मेलेल्यास मूठमाती देणाऱ्या त्या वडील माणसास खाणकऱ्यांनी ते आपण होऊन दिले होते.

उन्हाळ्यात या डोंगरांतून पायी फिरता येई. हिवाळ्यात मात्र सर्व वाटा बर्फाखाली जात. आपल्यापैकी ज्यांनी बर्फाचा डोंगर पाहिला नाही त्यांस ही गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे. आकाशातून पडणारे हिम कापसासारखे हलके असते. ते पुरुषभर उंच साठले असता त्यात पाय टाकिला तर माणूस कमरेपर्यंत आत जातो. जसा आपल्याकडे आषाढात भाताच्या चिखलातून चालणाऱ्याचा पाय रुतावा, पण त्याहून खोल. चिखलावर फळी टाकून तीवरून गेले असता भार पसरतो व पाय रुतत नाही. याच युक्तीने नॉर्वे देशाचे लोक पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून चालतात व उतारावरून घसरत जातात. डायर यांनी तशा फळ्या स्वतः तयार केल्या. त्यांची लांबी नऊ ते अकरा फूट, म्हणजे सहा-सात हात होती. पुढचे टोक वर वळवलेले असे, आणि तोल राखण्यास व वेग आवरण्यास हातात एक लांब काठी. पन्नाशी उलटलेल्या माणसाने ही विद्या नव्याने शिकावी हीच एक मोठी गोष्ट होती.

1864 च्या हिवाळ्यात त्यांच्यावर खरी अडचण आली. पुष्कळ खाणींतील वरचे सोने संपत आले होते, लोक निघून जात होते, आणि जे राहिले त्यांच्यापाशी देण्यास काही उरले नव्हते. धान्य व पीठ शेकडो मैलांवरून बैलगाड्यांनी येत असल्यामुळे त्यांचे मोल फार चढे. उपदेशकापुढे दोनच मार्ग दिसत होते : टापू सोडून सोयीच्या गावी जावे, किंवा काही उद्योग करून पोट भरावे व टापू राखावा. प्रेषित पौलाने तंबू शिवून आपला निर्वाह केला हे वाचकांस ठाऊकच आहे. डायर यांनी दुसरा मार्ग धरला व टपाल नेण्याचे काम पत्करिले.

हे काम असे होते. बकस्किन जो येथून टपालाची थैली पाठीवर घ्यावयाची, मॉस्किटो नावाची डोंगररांग तिच्या खिंडीतून ओलांडावयाची, पलीकडे कॅलिफोर्निया गल्च या घळईतील ओरो वस्तीवर उतरावयाचे, आणि तेथून आर्कान्सा नदीच्या खोऱ्याने खाली कॅश क्रीक येथे जावयाचे. एकंदर वाट 37 मैलांची, म्हणजे सुमारे अठरा कोसांची. आणि आठवड्यास एक फेरी. थैलीचे वजन 23 ते 26 पौंड, आपल्या जुन्या हिशेबाने बारा शेरांच्या आसपास. मजुरी आठवड्यास 18 डॉलर. खिंडीची उंची 13,185 फूट आहे. आपल्या महाराष्ट्रात सर्वांत उंच जे कळसूबाईचे शिखर ते सुमारे 5,400 फूट. तेव्हा त्यावर तसेच दुसरे कळसूबाई ठेवून आणखी अडीच हजार फूट चढावे इतकी ती उंची झाली. तेथे हवा इतकी विरळ असते की, दहा पावलांवर धाप लागते. साडेअकरा हजार फुटांच्या वर झाडही उगवत नाही. मग वादळात आडोसा कोठला?

यापेक्षाही कठीण गोष्ट ही की, हा प्रवास पुष्कळदा रात्री करावा लागे. दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर मऊ होतो, फळ्यांना चिकटतो आणि पाऊल उचलवत नाही; शिवाय मऊ झालेला बर्फाचा ढीग कड्यावरून सुटला की, खालचे झाड, माणूस, खोपटे सर्व काही गाडून टाकितो. रात्री थंडीने तोच थर दगडासारखा घट्ट होतो व त्यावरून चालणे साधते. म्हणून इतर माणसे चुलीजवळ पांघरूण घेऊन निजली असता डायर थैली पाठीवर बांधून एकटेच चढणीस लागत. चांदणे असले तर बरे, नाही तर चांदण्यांच्या उजेडावर व सवयीवर भिस्त. वाट म्हणून काही राहिलेली नसे. मागच्या आठवड्याची खूण नव्या बर्फाने बुजलेली असे.

एकदा डोंगराच्या माथ्यावर वादळाने त्यांस गाठिले. बर्फाचे कण वाऱ्याने असे उडत की, पुढे काय आहे ते दिसेना. मागे फिरावे तर तीही वाट दिसत नव्हती, आणि थांबावे तर थंडीने मरण. अशा स्थितीत उतारावरून खाली घसरत जाऊन त्यांनी आपला जीव वाचविला. दुसऱ्या एका खेपेस त्यांचे पाय गोठले. पाय गोठणे म्हणजे काय हे उष्ण देशात राहणाऱ्यास समजणे कठीण आहे. रक्त वाहण्याचे थांबते, आरंभी फार वेदना होतात, मग काहीच कळेनासे होते, आणि न कळणे हीच धोक्याची खूण. पुढे ऊब लागली म्हणजे अग्नीत घातल्याप्रमाणे यातना होतात, आणि पुष्कळांची बोटे कायमची जातात. एवढे सोसूनही त्या हिवाळ्यात टपालाचे काम त्यांनी टाकून दिले नाही.

टपालाच्या थैलीत असे काय होते? बहुधा दूरच्या घरची पत्रे. आई आजारी आहे, मूल जन्मले, शेत विकले, परत केव्हा येणार, अशाच गोष्टी. म्हणजे आपल्या गावातून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या भावास जे लिहीत असत तेच. खोपटात एकटा पडलेल्या खाणकऱ्यास त्या एका कागदाचे मोल सोन्याइतके वाटे. परत येताना डायर यांच्यापाशी खाणकऱ्यांनी धुऊन काढलेल्या सोन्याची भुकटीही सोपविलेली असे. ती रात्री, निर्जन डोंगरावरून, गरीब मनुष्य घेऊन येत असे. त्याने वाटेत काय केले हे पाहणारा कोणी नव्हता. वादळात हरवली असे सांगितले असते तर ते खोटे पाडणेही कोणास शक्य नव्हते. तरीही माणसे आपली कमाई त्यांच्या हाती निःशंकपणे देत. कारण ज्याचे रविवारचे शब्द आणि सोमवारची चाल एकच आहे असा मनुष्य कोणता, हे खाणकऱ्यांसारख्या व्यवहारी लोकांस फार लवकर कळते.

आणि उपदेशही चालूच होता. ज्या वस्तीवर थैली उतरावयाची, तेथेच सायंकाळी चार माणसे जमवून प्रार्थना व वचन. टपाल हे पोटाचे काम व उपदेश हे देवाचे काम, अशी दोन खाती त्यांनी मांडल्याचे दिसत नाही. ज्या पाठीवर थैली त्याच पाठीवर बायबल. आणि दोन्ही ज्याची त्यास पोहोचली पाहिजेत, एवढाच त्यांचा हिशेब. काही सुशिक्षित लोकांस त्यांची भाषा ओबडधोबड वाटे. पण रात्रभर बर्फ तुडवून जो सकाळी दाराशी उभा राहिला त्याच्या बोलण्यातील चुका काढीत बसावे असे ऐकणाऱ्यांच्या मनात येत नसावे.

पुढे काही वर्षे त्यांनी दक्षिणेकडील न्यू मेक्सिको प्रांतात सेवा केली, व पुन्हा कोलोरॅडोत आले. त्यांचा मुलगा इलायस हा लेक जिल्ह्यात न्यायाधीश झाला होता. 1874 साली त्या जिल्ह्यात शेताच्या पाटाच्या पाण्यावरून शेजाऱ्यांत तंटा होऊन एक खून झाला. पाण्याच्या पाटावरून माणसे कशी वैरी होतात हे आपल्या गावांतील वाचकांस सांगावयास नको. त्या तंट्याने दोन पक्ष पडले; एका पक्षाच्या लोकांनी कायदा हाती घेऊन विरुद्ध पक्षाच्या माणसांस धाक घालून जिल्ह्याबाहेर घालविण्यास आरंभ केला. इलायस डायर यांनी न्यायाधीश या नात्याने त्या दांडग्यांस पकडण्याची हुकूमपत्रे काढिली. परिणाम असा झाला की, 3 जुलै 1875 रोजी ग्रॅनाइट गावी, त्यांच्या स्वतःच्याच न्यायकचेरीत, त्यांस गोळ्या घालून मारण्यात आले. या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

वाचकहो, ग्रॅनाइट हे गाव कॅश क्रीकच्या अगदी जवळ आहे. ज्या वाटेने बापाने अकरा वर्षांपूर्वी पाठीवर थैली घेऊन, पाय गोठवून घेऊन, लोकांची पत्रे पोहोचविली, त्याच वाटेच्या शेवटी त्याच लोकांत त्याचा मुलगा मारिला गेला. डायर यांचे वय तेव्हा 63 होते. या मुलखासाठी मी एवढे केले व मुलखाने मला हे दिले, असे म्हणून त्यांनी तो देश सोडिला असता तर कोणी दोष दिला नसता. दुःख त्यांनी लपविले नाही. आपल्या आत्मचरित्रात या खुनाची हकीकत त्यांनी लिहून ठेविली आहे. परंतु त्यांनी डोंगर सोडिला नाही आणि सेवाही सोडिली नाही.

1879 साली ते ब्रेकेनरिज या खाणवस्तीवर परत गेले. येथेच 1862 साली त्यांनी पहिल्यांदा टापू चालविला होता. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी जसे काही पूर्वेस कृष्णा-गोदावरीस व काही पश्चिमेस समुद्रास जाते, तसेच रॉकी पर्वताच्या माथ्यावर पाण्याचे दोन भाग होतात. ब्रेकेनरिज त्याच्या पश्चिम उतारावर आहे. त्या सबंध उतारावर प्रॉटेस्टंट मंडळीचे एकही उपासनामंदिर नव्हते. 68 वर्षांच्या म्हाताऱ्याने ते बांधावयास घेतले व 1880 साली उभे केले. पुढे ते मूळ जागेवरून हलविण्यात आले व वाढविण्यात आले. तरी ते आजही उभे आहे, आणि त्यास डायरबाबांचेच नाव आहे.

1885 साली कोलोरॅडोच्या वरिष्ठ विधिमंडळात प्रार्थना चालविण्यासाठी पाळक म्हणून त्यांची नेमणूक झाली. 1890 साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ बर्फावरचा फिरता उपदेशक असा आहे. 16 जून 1901 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, डेन्व्हर येथे ते प्रभूमध्ये निजले. कॅसल रॉक येथे त्यांचे दफन झाले. कोलोरॅडोच्या राजधानीतील सरकारी इमारतीच्या घुमटात त्या संस्थानाच्या 16 संस्थापकांची चित्रे रंगीत काचांत बसविलेली आहेत. त्यांत धनिक व अधिकारी यांच्या रांगेत या टपालवाल्या उपदेशकाचेही चित्र आहे. मॉस्किटो रांगेतील एका पर्वतास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

हा मान त्यांस मिळाला हे योग्यच झाले. तथापि ज्या रात्री ते एकटे खिंड चढत होते त्या रात्री त्यांस यातील काहीच दिसत नव्हते. काचेतील चित्र नव्हते, पर्वताचे नाव नव्हते. पुढे काळोख, पायांखाली बर्फ, पाठीवर दुसऱ्यांची पत्रे, आणि पलीकडच्या खोऱ्यात वाट पाहणारी थोडी माणसे, एवढेच होते. ते चढत राहिले. पुढच्या आठवड्यास पुन्हा चढले.

आपल्यापुढे बर्फाचा डोंगर नाही. पण पावसाळ्यातील ओढा आहे, उन्हाळ्यातील तापलेली वाट आहे, रिकामी थाळी आहे, आणि पुष्कळदा चारच ऐकणारे आहेत. यापुढे एखाद्या रविवारी वाट जड वाटली आणि हे कोणास कळणार असा विचार मनात आला, तर त्या म्हाताऱ्या टपालवाल्याची आठवण करावी. पलीकडे कोणी तरी वाट पाहत आहे, आणि पाठीवरचे ओझे आपले नाही, ते ज्याचे आहे त्याच्याकडे पोहोचवावयाचे आहे.